जुन्या मोटारीचा चासी क्रमांक : शोधण्यापासून छाप घेण्यापर्यंत

जुन्या मोटारीच्या बाबतीत कागद एक सांगत असेल आणि लोखंड दुसरे, तर आधी लोखंडाचे ऐकावे, असे बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे. आर.सी. बुकातील नोंद कोणीतरी हाताने लिहिलेली असते, पुढे दुसऱ्या कोणीतरी ती उतरवून घेतलेली असते आणि प्रत्येक हस्तांतरणात एखादा आकडा बदलून जाण्याची शक्यता असते. चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला क्रमांक मात्र कारखान्यात एकदाच उमटवलेला असतो. गाडी वारसाहक्काने नावावर करायची असो, तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असो, विमा उतरवायचा असो किंवा परदेशातून सुटे भाग मागवायचे असोत, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो चासी नंबरचा. मुंबईत वाड्यांच्या चौकात, सोसायट्यांच्या मागच्या आवारात आणि बंद गॅरेजांत ताडपत्रीखाली झाकलेल्या अशा कितीतरी गाड्या आहेत. त्यांपैकी एखादी आपल्या घरची असेल, तर तिचा क्रमांक कसा शोधावा, त्याला इजा न करता तो कसा उघडा करावा आणि नीट कसा वाचावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

नेमका कोणता क्रमांक शोधायचा आहे

आजच्या मोटारींवर सतरा अक्षरांचा आणि आकड्यांचा मिळून एक क्रमांक असतो. ही पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली आणि हळूहळू जगभर रूढ झाली. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण त्यांची एक आणि शून्य या आकड्यांशी गल्लत होते. त्याआधीच्या गाड्यांना असा कोणताही समान नियम नव्हता. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती आणि एकाच कंपनीची पद्धतसुद्धा दर काही वर्षांनी बदलत असे. त्यामुळे १९६० च्या दशकातील गाडीवर सतरा अक्षरे शोधत बसू नये. तिचा क्रमांक पाच-सहा आकड्यांचा असू शकतो आणि त्याच्या आधी एक-दोन अक्षरे असू शकतात. उलट, इतक्या जुन्या गाडीवर कोणी सतरा अक्षरी क्रमांक दाखवला, तर तो मूळचा नाही हे उघड आहे.

जुन्या गाडीवर एकाच वेळी अनेक क्रमांक असतात आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, बॉडी क्रमांक, गिअरबॉक्सचा क्रमांक, रंगाचा संकेत, दिव्यांवरचे आणि डायनामोवरचे भागक्रमांक या सगळ्यांची गर्दी असते. इटलीत बनलेल्या जुन्या फियाट गाड्यांच्या पट्टीवर ‘मोतोरे’ म्हणजे इंजिन, ‘आउतोतेलाइओ’ म्हणजे चासी आणि ‘नुमेरो पेर रिकाम्बी’ म्हणजे सुट्या भागांसाठीचा क्रमांक, असे वेगवेगळे रकाने आढळतात. हा शेवटचा क्रमांक चासी क्रमांक समजून अर्जात लिहिला की पुढची सगळी कागदपत्रे चुकीच्या आधारावर उभी राहतात.

यातून मार्ग काढण्यासाठी एक साधी खूण लक्षात ठेवावी. ओतीव लोखंडावर उठून दिसणारी, म्हणजे पृष्ठभागाच्या वर आलेली अक्षरे साच्यातून आलेली असतात. ती त्या भागाच्या नमुन्याची ओळख असतात आणि त्या नमुन्याच्या प्रत्येक भागावर तीच असतात. एका विशिष्ट गाडीची ओळख सांगणारा क्रमांक मात्र पंच मारून आत खोल उमटवलेला असतो. अंधाऱ्या जागी नजर पोहोचत नसेल, तर बोटाने चाचपूनही हा फरक कळतो.

आधी कागद, मग मोटार

लोखंडावर माझा जास्त विश्वास असला, तरी शोधाची सुरुवात कागदांपासूनच करावी, कारण आपण साधारण काय शोधत आहोत हे तेथून कळते. जुने आर.सी. बुक, विम्याच्या जुन्या पॉलिसी, कर भरल्याच्या पावत्या, गाडी बाहेरून आलेली असल्यास सीमाशुल्काची कागदपत्रे, आणि मिळालेच तर मूळ विक्रीचे बिल, हे सगळे एकत्र काढून प्रत्येकावरचा चासी आणि इंजिन क्रमांक एका वहीत एकाखाली एक लिहून घ्यावा. जेथे आकडा स्पष्ट लागत नाही, तेथे अंदाजाने भरू नये. जागा रिकामी ठेवावी. नोंदणी क्रमांक, म्हणजे नंबर प्लेटवरचा क्रमांक, ही वेगळी गोष्ट आहे. तो वाहनाला परिवहन खात्याने दिलेला असतो आणि गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर बदलू शकतो, त्यामुळे तो गाडीची मूळ ओळख ठरवण्याच्या कामाचा नाही.

तयारी

लागणारे साहित्य फार नाही आणि बहुतेक घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चांगली टॉर्च, हातात धरता येईल असा छोटा आरसा, रॉकेल, सुती चिंध्या, जुने दात घासायचे ब्रश, पितळेच्या तारांचा मऊ ब्रश, प्लास्टिकची पट्टी, रंग उतरवण्याचे रिमूव्हर, पांढरा खडू किंवा टाल्कम पावडर, पातळ कागद, २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल आणि पारदर्शक चिकटपट्टी एवढे पुरे. हातमोजे आणि चष्मा अवश्य वापरावेत. गाडी फार दिवस उभी असेल, तर बॅटरीची वायर आधी काढावी, आणि आसनाखाली किंवा बोनेटखाली हात घालण्यापूर्वी टॉर्चने नीट पाहून घ्यावे, कारण मुंबईत उंदरांना, घुशींना आणि विंचवांना उभ्या गाड्या फार आवडतात.

गाडीखाली जावे लागणार असेल, तर केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नये. जमीन सपाट आणि पक्की असावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि जॅकने उचलल्यावर गाडीचे वजन लोखंडी स्टँडवर उतरवावे. पावसाळ्यात आवारातील पेव्हर ब्लॉकखालची माती भुसभुशीत होते आणि स्टँड हळूहळू खचतो. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून पावसाळ्यात हे काम काँक्रीटवरच करावे किंवा पुढे ढकलावे.

कोठे शोधावे

मार्गदर्शक पुस्तकांत जेव्हा ‘डावी बाजू’ असे म्हटलेले असते, तेव्हा ती चालकाच्या आसनावर बसून समोर पाहताना असलेली डावी बाजू असते. बोनेट उघडून गाडीसमोर उभे राहिले की ही बाजू आपल्या उजव्या हाताला येते. एवढ्या एका गोष्टीमुळे लोक तासन्‌तास चुकीच्या बाजूला घासत बसतात.

पहिली जागा म्हणजे बोनेटखालची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधला पत्रा. बहुतेक ब्रिटिश आणि युरोपीय गाड्यांची ओळखपट्टी येथे बसवलेली असते. ही पट्टी पितळेची, ॲल्युमिनियमची किंवा पातळ पत्र्याची असते, आणि रिव्हेटांनी किंवा ठोकून बसवलेल्या पेचदार खिळ्यांनी धरलेली असते. पट्टी सापडली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. पट्टी काढता येते आणि दुसऱ्या गाडीवर लावताही येते. म्हणून पट्टीवरचा क्रमांक हा पुरावा असला, तरी चासीच्या लोखंडात पंच केलेला क्रमांक अधिक महत्त्वाचा मानावा आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे.

दुसरी जागा चासीचे लांब आडे, म्हणजे सांगाड्याच्या दोन बाजूंच्या लोखंडी तुळया. स्वतंत्र चासी असलेल्या जुन्या गाड्यांत, म्हणजे ज्यांची बॉडी बोल्टांनी चासीवर बसवलेली असते अशा गाड्यांत, क्रमांक सहसा पुढच्या भागात, आड्याच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला असतो. पुढच्या कमानपाट्यांची टोके जेथे अडकवलेली असतात, स्टिअरिंगचा डबा जेथे बसवलेला असतो, पुढच्या चाकाच्या मडगार्डाखाली आड्याचा जो भाग दिसतो, या सगळ्या जागा साफ करून पाहाव्यात. तिसरी जागा दरवाज्याचा खांब. १९५० च्या दशकातील अनेक अमेरिकन गाड्यांची ओळखपट्टी डाव्या पुढच्या दरवाज्याच्या खांबावर असते. दरवाजा उघडल्याशिवाय ती दिसत नाही. १९६९ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हा क्रमांक विंडशील्डमधून बाहेरून दिसेल असा डॅशबोर्डवर असणे आवश्यक झाले. याखेरीज पुढच्या आसनाखालची फरशी, मागच्या आसनाखालची जागा, डिकीतील फरशी आणि शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठका या जागा शेवटी पाहाव्यात.

काही गाड्यांच्या जागा निश्चित सांगता येतात, म्हणून त्या येथे देतो. फोर्ड मॉडेल टी गाडीचा इंजिन क्रमांक हाच तिचा ओळखक्रमांक मानला जात असे. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत येण्याच्या नळीच्या वरच्या बाजूस असतो. त्यामुळे मॉडेल टीचे इंजिन कधी बदलले गेले असेल, तर गाडीच्या वयाचा अंदाज इंजिनावरून बांधणे धोक्याचे ठरते. त्यानंतरच्या मॉडेल ए गाडीतही इंजिन क्रमांक त्याच जागी असतो, आणि तोच क्रमांक चासीच्या डाव्या आड्याच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. हा दुसरा क्रमांक बॉडीखाली झाकला जातो आणि बॉडी उचलल्याशिवाय बहुधा पूर्ण दिसत नाही. अशा गाडीची बॉडी दुरुस्तीसाठी उचलली जाणार असेल, तर ती संधी अजिबात दवडू नये. त्याच दिवशी छायाचित्र आणि छाप दोन्ही घ्यावे.

एमजी टीसी या गाडीचा क्रमांक चासीच्या डाव्या पुढच्या टोकाच्या बाहेरच्या बाजूला असतो. या क्रमांकांची सुरुवात ०२५१ पासून झाली, कारण एमजीच्या इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या अडीचशे गाड्या कोठे गेल्या याचा शोध घेत बसतो. फोक्सवॅगन बीटलचा चासी क्रमांक मागच्या आसनाखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन क्रमांक डायनामोच्या बैठकीच्या खाली असतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपच्या डाव्या आड्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या मागे, रिव्हेटांनी बसवलेली छोटी पट्टी असते. त्याच काळातील फोर्ड कंपनीच्या जीपवर मात्र क्रमांक डाव्या आड्याच्या वरच्या बाजूला थेट पंच केलेला असतो. या दोन जीप इतक्या सारख्या दिसतात आणि त्यांचे भाग आपल्याकडे इतके एकमेकांत मिसळले गेले आहेत की केवळ क्रमांकाच्या जागेवरूनसुद्धा बरेच काही उलगडते.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रोल्स-रॉइस गाड्यांकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कंपनी फक्त चासी आणि इंजिन बनवत असे. बॉडी हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली यांसारखे स्वतंत्र कारागीर बांधत. म्हणून अशा गाडीला कंपनीचा चासी क्रमांक वेगळा आणि बॉडी बांधणाऱ्याचा क्रमांक वेगळा असतो. चासी क्रमांक फायरवॉलवरच्या पट्टीवर आणि चासीवर असतो, आणि तो अक्षरे व आकडे मिळून बनलेला असतो. १३ हा आकडा या कंपनीने आपल्या मालिकांतून वगळला होता. बॉडीचा क्रमांक उंबरठ्याच्या पट्टीवर किंवा आतल्या लाकडी भागांवर आढळतो. आसने उतरवली जातील तेव्हा लाकडाच्या मागच्या बाजूही पाहाव्यात.

मुंबईशी नाते सांगणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली होती, महिंद्रांच्या जीप सुरुवातीला माझगावात जोडल्या जात, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००, पुढे डिलाइट आणि मग पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. परदेशातून सुटी येऊन येथे जोडल्या गेलेल्या गाड्यांवर मूळ कंपनीच्या पट्टीबरोबर येथील जुळणीची वेगळी पट्टीही असू शकते. अशा दोन पट्ट्या दिसल्या, तर एक खोटी असावी असे लगेच ठरवू नये. दोन्हींची छायाचित्रे घ्यावीत आणि आर.सी. बुकात यांपैकी कोणता क्रमांक नोंदवला गेला आहे ते पाहावे. फियाट ११०० च्या बाबतीत फायरवॉलपासून सुरुवात करावी आणि पट्टीबरोबर आजूबाजूच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकाचाही शोध घ्यावा. ११०० डी या नमुन्याचा कारखान्यातील संकेत १०३ जी असा आहे, त्यामुळे १०३ ने सुरू होणारा लेख दिसला, तर तो नमुन्याचा संकेत आहे आणि गाडीचा क्रमांक त्याच्या पुढे किंवा खाली आहे, हे लक्षात येईल.

क्रमांक उघडा करणे

या टप्प्यावर घाई केली, तर भरून न येणारे नुकसान होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने मुंबईतील लोखंड लवकर गंजते, आणि त्यावर वर्षानुवर्षांचे ग्रीस, डांबरी थर आणि रंगाचे अनेक लेप साचलेले असतात. क्रमांकाची खोली मुळातच कमी असते. त्यावर ग्राइंडर, सँडपेपर किंवा पोलादी ब्रश चालवला, तर गंजाबरोबर आकडेही निघून जातात, आणि पुढे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ती जागा मुद्दाम घासल्यासारखी दिसते. गॅरेजमधल्या मेस्त्रीने कितीही आग्रह केला, तरी या एका जागेवर यंत्र लावू देऊ नये.

सुरुवात रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने करावी. चिंधी त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावी, म्हणजे ग्रीस मऊ होते. मग प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढावे आणि दात घासायच्या ब्रशने आकड्यांच्या खाचांतला मळ सोडवावा. खाली रंग असेल, तर रिमूव्हर ब्रशने लावावा, त्याचा फेस येऊन रंग सुरकुतला की पुसून घ्यावा, आणि गरज पडल्यास ही कृती दोन-तीन वेळा करावी. रिमूव्हरची वाफ त्रासदायक असते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवणे टाळावे. लोखंडी आड्यावर पितळी ब्रश हलक्या हाताने चालवता येतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मात्र तोही वापरू नये, तेथे साबणाचे कोमट पाणी आणि मऊ कापड एवढेच वापरावे. पट्टीवरची छापलेली अक्षरे रिमूव्हरने विरघळून जातात, हेही विसरू नये.

माझ्या घरच्या फियाटवर एका गॅरेजमध्ये रंगकाम करताना क्रमांकाच्या जागेवर लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरली गेली होती. पत्रा गुळगुळीत आणि सुरेख दिसत होता, आणि क्रमांकाचा मागमूस नव्हता. मला तीन संध्याकाळी लागल्या. रिमूव्हर लावायचा, थांबायचे, मऊ झालेली लांबी प्लास्टिकच्या पट्टीने खपलीसारखी उचलायची आणि पुन्हा थोडा रिमूव्हर लावायचा, असे करत तिसऱ्या दिवशी करड्या लांबीच्या खाली प्रथम एका ताऱ्याचे टोक दिसले. अनेक कंपन्या क्रमांकाच्या आधी आणि नंतर असा तारा किंवा एखादी खूण ठोकत, जेणेकरून नंतर कोणी मागेपुढे आकडा वाढवू नये. तारा सापडला म्हणजे क्रमांक तेथून सुरू होतो, हे कळते आणि पुढचे काम सोपे होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की गाडी रंगाला देण्यापूर्वी क्रमांकाची छाप घ्यायची, छायाचित्र काढायचे, त्या जागेवर मास्किंग टेप लावायची आणि रंगाऱ्याला ती जागा हाताने दाखवून द्यायची.

छाप घेणे

परिवहन कार्यालयात अर्जावर चासी क्रमांकाची पेन्सिल छाप चिकटवावी लागते, त्यामुळे ती नीट घेता येणे हे प्रत्येक जुन्या मोटारीच्या मालकाला यायला हवे. दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पातळ कागद क्रमांकावर घट्ट धरून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने हलका हात फिरवावा. कागद जराही सरकला, तर आकडे दुहेरी उमटतात, म्हणून एका हाताने कागद ताणून धरावा. दुसऱ्या पद्धतीत पेन्सिलीचे शिसे थेट लोखंडावर घासून ती जागा एकसारखी काळी करावी, मग रुंद पारदर्शक चिकटपट्टी त्यावर दाबून लावावी, बोटाच्या नखाने ती खाचांभोवती दाबावी आणि अलगद उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवावी. अडचणीच्या जागी, जेथे कागद धरायला हात पुरत नाही, तेथे दुसरी पद्धत अधिक उपयोगी पडते. पृष्ठभागावर तेल असेल, तर दोन्ही पद्धती फसतात. आधी पुसून कोरडे करावे.

मी किमान चार छापा घेतो आणि प्रत्येकीवर त्या दिवसाची तारीख घालतो. छाप घेताना जो क्षण येतो तो मला अजूनही विलक्षण वाटतो. करड्या शिशाखाली पांढऱ्या रेषा उमटू लागतात, आधी ताऱ्याच्या पाकळ्या, मग एक अर्धवट वाटोळे, ते पूर्ण होत होत सहा होते, आणि ज्या ठिकाणी नुसत्या डोळ्यांना गंजाचा खड्डा दिसत होता तेथे सरळ उभी रेघ आणि तिच्या माथ्यावर आडवी दांडी दिसते. आमच्या फियाटच्या आर.सी. बुकात त्या जागी एक लिहिलेला होता. छापेत तो सात निघाला. जुन्या लिपिकांच्या हस्ताक्षरात इंग्रजी एकच्या माथ्याला लांब शेपूट असते आणि कधीतरी नक्कल करताना कोणीतरी सातला एक समजले असावे.

छाप आणि छायाचित्र दोन्ही असावेत. छायाचित्र काढताना मोबाइलचा फ्लॅश वापरू नये, कारण समोरून पडणारा प्रकाश खोली नाहीशी करतो. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी बाजूने धरावी, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या खाचेत सावली पडते. टॉर्च आधी डावीकडून आणि मग उजवीकडून धरून दोन छायाचित्रे घ्यावीत. आकडे तरीही पुसट वाटत असतील, तर खडू किंवा टाल्कम पावडर चोळून वरची पावडर कोरड्या कापडाने पुसून टाकावी. खाचांत राहिलेली पांढरी भुकटी आकडे उठून दाखवते. एक छायाचित्र जवळून, एक थोडे दुरून घ्यावे, ज्यात क्रमांक गाडीच्या कोणत्या भागावर आहे ते कळेल. फक्त आकड्यांचे छायाचित्र कोणत्याही लोखंडाच्या तुकड्याचे असू शकते.

वाचताना आणि पडताळताना

तीन आणि आठ, पाच आणि इंग्रजी एस, आठ आणि बी, सहा आणि जी, शून्य आणि ओ या जोड्या नेहमी दगा देतात. शंका असलेला आकडा त्याच क्रमांकातील दुसऱ्या तशाच आकड्याशी ताडून पाहावा, कारण कारखान्यात एकाच पंचाचा संच वापरलेला असतो आणि दोन आठ अगदी सारखे दिसतात. यातूनच फेरफारही उघडकीस येतो. एक आकडा इतरांपेक्षा खोल, वेगळ्या वळणाचा किंवा ओळीबाहेर असेल, आकड्यांभोवती घासल्याच्या समांतर रेघा असतील, क्रमांकाच्या चौकोनाभोवती वेल्डिंगची कड असेल, किंवा जुन्या पट्टीला आजच्या पद्धतीचे पॉप रिव्हेट असतील, तर सावध व्हावे. मात्र सावध होणे म्हणजे आरोप करणे नव्हे. हातांनी एकेक पंच ठोकलेल्या गाड्यांवर आकडे मुळातच वेडेवाकडे असतात आणि पत्र्याच्या कामात पट्टी काढून नव्या रिव्हेटांनी लावणे हेही सर्रास घडते. विकत घेण्याच्या बेतात असाल आणि अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर व्यवहार थांबवावा.

पंच मारताना आकड्याखालचे लोखंड दाबले जाते, त्यामुळे वरून घासून टाकलेला क्रमांकसुद्धा रसायनांच्या साहाय्याने पुन्हा दिसू शकतो. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे आहे. मुंबईत ती कालिन्याला आहे आणि तेथवर प्रकरण पोलिसांमार्फतच जाते. घरी आम्ल लावून पाहण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तसेच क्रमांक गंजून गेला म्हणून स्वतः पंच आणून ठोकून घेणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. चोर बाजारात किंवा अन्यत्र जुन्या गाड्यांच्या सुट्या ओळखपट्ट्या दिसतात. संग्रह म्हणून त्या जरूर घ्याव्यात, पण आपल्या गाडीवर दुसरीची पट्टी लावू नये.

क्रमांक हाती आल्यावर त्याचा अर्थ लावण्यासाठी मूळ कारखान्याच्या नोंदी उपयोगी पडतात. ब्रिटिश मोटर म्युझियमकडे ऑस्टिन, मॉरिस, एमजी यांसारख्या गाड्यांच्या नोंदी आहेत आणि तेथून शुल्क भरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळते, ज्यात उपलब्ध नोंदींनुसार गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची होती, कोठे पाठवली गेली हे लिहिलेले असते. जुन्या रोल्स-रॉइस आणि बेंटली यांच्या चासी नोंदी इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबकडे आहेत. मुंबईतल्या मुंबईत विचारायचे असेल, तर व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सदस्यांत अशी माणसे भेटतात ज्यांनी त्याच नमुन्याची गाडी स्वतः उघडलेली असते, आणि त्यांच्याकडून मिळणारी माहिती कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त नेमकी असते.

परिवहन कार्यालयात

आर.सी. बुकातील क्रमांक आणि छाप जुळली, तर पुढचे काम सरळ आहे. एखादा आकडा वेगळा निघाला, तर हस्तांतरणाच्या अर्जात गुपचूप बरोबर आकडा लिहून टाकू नये. आधी नोंदीतील दुरुस्तीचा अर्ज करावा आणि त्यासोबत छाप, दोन्ही छायाचित्रे, जुन्या विम्याच्या व कराच्या कागदांच्या प्रती जोडाव्यात. गाडी ज्या कार्यालयाच्या नोंदीत आहे तेथेच हे काम होते. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली येथे ही कार्यालये आहेत. फार जुन्या गाड्यांच्या नोंदी अनेकदा संगणकावर चढलेल्या नसतात, त्यामुळे ‘वाहन’ प्रणालीत गाडी सापडली नाही म्हणून घाबरू नये. जुन्या नोंदवहीवरून ती चढवून घेण्याची विनंती करावी. तेथील बहुतेक सेवांसाठी चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात आणि प्रणालीत चुकीचा आकडा बसलेला असेल, तर अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो.

इंजिन क्रमांक न जुळणे मुंबईत फार सामान्य आहे, कारण येथील कितीतरी फियाट आणि ॲम्बेसेडर गाड्यांना मधल्या काळात डिझेल इंजिने बसवली गेली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील अशा बदलांविषयी तरतूद आहे. बदल नोंदवलेला नसेल, तर चासीची दुरुस्ती आणि इंजिनाची नोंद हे दोन्ही विषय एकाच वेळी मांडावेत.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षांसाठी असते, आणि नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठी ती चालवता येते. या अर्जासाठी गाडी तपासणीला नेण्यापूर्वी क्रमांकाची जागा पुन्हा एकदा पुसून घ्यावी, खडूची भुकटी काढून टाकावी आणि तेथे पातळ तेलाचा हात फिरवावा. अधिकाऱ्यासमोर छाप घ्यायची वेळ आली, तर ते तेल पुसण्यासाठी एक कोरडी चिंधी, मऊ पेन्सिल आणि चिकटपट्टी खिशात ठेवावी.